चुकलेलं की टाकलेलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यात पौड रस्त्याला, पिरंगुटच्या अलीकडच्या एका नव्या सोसायटीत राहणाऱ्या एक वाचक लिहितात: लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली कुत्रा थरथरत बसलेला दिसला. तांबूस, उंच, बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला. अंगभर गोचिडी, तळपाय सोललेले, गळ्यात कसलातरी काळा खरखरीत दोर. आम्ही त्याला सातव्या मजल्यावर घरी आणलं, दोर कापून काढला, डॉक्टरांना दाखवलं, लस दिली. सोसायटीच्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकले, दोन दिवसांत कुणी विचारलं नाही. आता अठरा दिवस झाले. माझी नऊ वर्षांची मुलगी त्याला मोती म्हणते, त्याच्याशिवाय झोपत नाही. तो मात्र रात्रभर जागा असतो, बाल्कनीत उभा राहून भुंकतो. महागडं डॉगफूड हुंगून सोडतो, पण कामाच्या मावशींनी डब्यातली भाकरी टाकली तर तुटून पडला. परवा दूधवाले म्हणाले, ‘हा धनगराचा कुत्रा दिसतोय. दिवाळीत खालच्या रानात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, उतरला होता.’ तेव्हापासून मला झोप नाही. ज्यांनी त्याला दोराने बांधून उपाशी ठेवलं, लस दिली नाही आणि सोडून निघून गेले, त्यांच्याच हाती परत द्यायचा? नवरा म्हणतो, चांगलं घर बघून दत्तक देऊन टाकू. मुलीला काय सांगू?

•

दूधवाल्यांचं बोलणं ऐकून तुमची झोप उडाली, म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते नकोसं आहे, एवढंच. नकोसं का आहे ते मला कळतं. अठरा दिवस भरवलेलं, न्हाऊ-माखू घातलेलं जनावर ‘दुसऱ्याचं’ म्हणणं सोपं नसतं. तरी तुमच्या पत्रातल्या काही वाक्यांपाशी मी थांबणार आहे.

‘उपाशी ठेवलं’, ‘सोडून निघून गेले’. हे तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं ते इतकंच: एक वाळलेला, गोचिडींनी भरलेला, घाबरलेला कुत्रा. बाकीची गोष्ट तुम्ही रचलीत. अशी गोष्ट आपण सगळेच रचतो, कारण सापडलेलं जनावर वाईट अवस्थेत असलं की मनात आधी आरोपी उभा राहतो. एका रात्रीत कुत्रा वाळत नाही, हे खरं. पण फटाके लक्ष्मीपूजनापर्यंत थांबतात कुठे? वसुबारसेपासूनच दणदणाट सुरू असतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढचा. उघड्या माळावर वाढलेल्या कुत्र्याच्या शेजारी सुतळी बॉम्ब फुटला की तो दिशा न बघता पळतो, आणि भान येईपर्यंत डांबरावर तळपाय सोलून निघालेले असतात. गोचिडी मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला लागतातच. आणि रोज कळपाबरोबर मैलोगणती चालणारा कुत्रा मुळातच सडपातळ असतो. आपल्या सोसायट्यांमधले गुबगुबीत लॅब्रेडॉर बघून आपल्या नजरेला वेगळी सवय झाली आहे.

गावाकडे यासाठी एक नेमका शब्द होता: चुकलेलं. गाय चुकली, शेळी चुकली. म्हणजे ती कुणाची तरी आहे आणि वाट चुकली आहे. मग दवंडी पिटायची, कोंडवाड्यात बघून यायचं. शहरात आपण हा शब्द हरवून बसलो. आता रस्त्यावर दिसलेलं प्रत्येक जनावर एकतर ‘भटकं’ असतं, नाहीतर ‘टाकलेलं’. माणसं कुत्री टाकतात, यात शंका नाही. म्हातारं झालेलं, आजारी पडलेलं, घर बदलताना नकोसं झालेलं. हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे, जरी पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून दहा ते पन्नास रुपये इतका हास्यास्पद असला तरी. पण टाकलेलं आहे हे ठरवण्याआधी ते चुकलेलं नाही ना, याची खात्री करावी लागते. तुम्ही ती केली नाहीत. दोन दिवस, दोन ठिकाणी फोटो टाकलेत, आणि ती ठिकाणं कोणती? सोसायटीचा ग्रुप आणि इन्स्टाग्राम. तुम्ही तुमच्यासारख्याच मालकाला शोधलंत. तो सापडला नाही, कारण तो तसा नव्हताच.

दूधवाल्यांचा अंदाज बरोबर असेल तर काय झालं असेल बघा. फलटण, माण, बारामतीकडचे मेंढपाळ पावसाळा संपला की पश्चिमेकडे निघतात. दिवाळीच्या आगेमागे ही वाटचाल सुरू होते, कोकणात उतरते आणि पावसाच्या तोंडाशी माघारी येते. वाटेत शेतकरी त्यांना रान देतात, मेंढरं रात्रभर शेतात बसवतात, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. एका रानातला मुक्काम ठरलेला असतो. तो संपला की बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढे जावंच लागतं, कारण पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो आणि मेंढरांना चारा हवा असतो. एका कुत्र्यासाठी अख्खा वाडा थांबू शकत नाही. एखादा माणूस मागे राहून दिवसभर हाका मारत फिरला असेल. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशीही आला असेल. वॉचमनने त्याला आत सोडलं असेल का? हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण विचारता येईल. दिवाळीच्या दोन-तीन दिवसांत कुणी कुत्रा शोधत आलं होतं का, हा प्रश्न वॉचमनला आजच विचारा. या पत्राला उत्तर मागण्याआधी तो विचारायला हवा होता.

आता रात्रीच्या भुंकण्याबद्दल. तुम्हाला वाटत असेल, त्याला धसका बसलाय. थोडा बसलाही असेल. पण मला वाटतं, तो कामावर आहे. मेंढरांच्या कुत्र्याची रात्र म्हणजे पाळी. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर अजून लांडगे आहेत, जुन्नरकडे बिबटे. कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडला, माणसं घोंगडी ओढून आडवी झाली, की जागायचं कुत्र्याने. अशी कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतात, त्यांचा जीव माणसाइतकाच कळपावर असतो. सातव्या मजल्याच्या बाल्कनीत तो खाली बघत राहतो, पण खाली राखायला काही नाही. तुमच्या घरी गादी आहे, पंखा आहे, लस आहे, प्रेम तर आहेच. फक्त ‘इथे तो सुखात आहे’ असं म्हणताना सुख कुणाच्या मापाने मोजतोय, ते बघा. भाकरीवर त्याने तुटून पडणं हे त्याने दिलेलं ओळखपत्रच होतं. मावशींनी ते वाचलं.

गळ्यातला दोर तुम्हाला छळाची खूण वाटला. काळा आणि खरखरीत, असं तुम्ही लिहिता. दख्खनी मेंढीची लोकर बरीचशी काळी असते, आणि धनगरांत चालता चालता लोकर कातणारी माणसं आजही दिसतात. तो दोर लोकरीचा असेल तर तो बाजारातून आणलेला नाही. कुणीतरी बसून हाताने वळला आहे. तुम्ही दुकानातून पट्टा आणता, त्यांनी वळला. दोर मांसात रुतलेला होता का? खाली जुनी जखम, भाजल्याचे व्रण, नीट न जुळलेली हाडं? तसं असतं तर डॉक्टर बोलले असते आणि तुम्ही ते पत्रात पहिल्या ओळीत लिहिलं असतंत. तसं काही निघालं तर माझा सल्ला वेगळा राहील: डॉक्टरांकडून लेखी घ्या, प्राणिकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थेशी बोला, आणि कुत्रा हातचा सोडू नका. पण गरिबी म्हणजे छळ नव्हे. लस न देणं ही उणीव आहे, ती भरून काढता येते आणि तुम्ही ती भरून काढलीही आहे.

मी हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. साताऱ्यात राहत असताना माझ्या दारात एक करडी मांजरी आली. हाडं वर आलेली, एका डोळ्यातून पाणी. मीही ठरवून टाकलं की हिला कुणी हाकललं आहे. तीन महिने ती माझ्याकडे होती. मग कळलं, आमच्या ओळीतल्या चौथ्या घरातल्या आजींची ती. आजींना जिने उतरवत नव्हते, त्या रोज संध्याकाळी खिडकीतून तिला हाक मारायच्या. ती हाक मी रोज ऐकत होते, मला वाटायचं त्या नातीला बोलावतात. मांजर हरवलं की बहुतेक वेळा चार-सहा घरांच्या आतच असतं, हे मला नंतर समजलं. ज्यांना मांजर सापडलं आहे त्यांनी आधी दोन्ही बाजूंची घरं, मागची गल्ली, गच्ची आणि जिन्याखालच्या खोल्या विचाराव्यात. इंटरनेट नंतर.

कुत्र्याच्या बाबतीतही अंतर महत्त्वाचं आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, परत मिळालेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी मालकांनी आसपासचा परिसर धुंडाळून मिळवलेली होती. देश वेगळा आहे, पण तर्क सगळीकडे लागू पडतो: मालक जिथे कुत्रा हरवला तिथेच शोधतो. म्हणून सापडलेलं जनावर कळवळ्यापोटी दुसऱ्या टोकाच्या निवाऱ्यात पोहोचवू नका, शहराबाहेरच्या मित्राच्या बंगल्यावर तर नकोच. तुमच्या नवऱ्याला हेच सांगा. आज दत्तक दिला तर तो कुत्रा मालकाच्या शोधाच्या टापूतून कायमचा बाहेर जातो. शिवाय जे आपलं नाही ते आपण दान करतोय, आणि घेणाऱ्या घरालाही उद्याच्या भांडणात ओढतोय.

कायदाही इथे बराच स्पष्ट आहे. कायद्याच्या भाषेत कुत्रा ही मालमत्ता. मला हा शब्द आवडत नाही, पण आहे तो असा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ म्हणतं की दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६८ प्रमाणे सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते, मात्र त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे जुन्या दंड विधानातलं ४०३: मालकाला परत देण्यासाठी सांभाळणं गुन्हा नाही, पण मालक कोण हे कळण्याचा मार्ग हाताशी असताना वस्तू आपली करून टाकणं गुन्हा ठरू शकतं. तुम्हाला घाबरवायचं नाही. फक्त, दूधवाले बोलले त्या दिवसापासून तुमच्या हाताशी मार्ग आला आहे, हे लक्षात असू द्या.

तो मार्ग अगदी साधा आहे. दूधवाल्यांना विचारा, वाडा कुणाच्या रानात उतरला होता. त्या शेतकऱ्याला गाठा. मेंढरं बसवायची बोलणी त्याने कुणाशी तरी केलीच असणार, आणि हल्ली ती मोबाईलवर होतात, त्यामुळे वाड्यातल्या एखाद्या कर्त्या माणसाचा नंबर त्याच्याकडे असण्याची शक्यता चांगली आहे. फोन लागला की लगेच ‘तुमचा कुत्रा आमच्याकडे आहे’ म्हणू नका. ‘तुमचं काही जनावर चुकलंय का’ असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. रंग, वय, कान, शेपूट, गळ्यात काय होतं, कोणत्या हाकेला येतो. खऱ्या मालकाला आठवावं लागत नाही. आणि बोलताना ‘का सोडून गेलात’ हा सूर लागू देऊ नका. तो लागला की समोरचा माणूस एकतर गप्प होईल नाहीतर ‘राहू द्या तुमच्याकडंच’ म्हणून फोन ठेवेल. तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल, पण ते खरं नसेल.

फोन लागलाच नाही तर मराठीत मोठ्या अक्षरांत कागद लिहा आणि चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत, किराणा दुकानात, रिक्षा थांब्यावर लावा. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायकांना आणि वॉचमन मंडळींना तोंडी सांगा. वस्तीतलं कोणतं कुत्रं कुणाचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पोलीस चौकीत एक अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या. पुढे कुणी वाद घातलाच तर तो कागद उपयोगी पडतो.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-चार गोष्टी, कारण दिवाळीनंतर मला अशी पत्रं दरवर्षी येतात. सापडलेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं किंवा त्याला खाच पाडलेली असेल तर ते बहुधा नसबंदी झालेलं वस्तीतलं कुत्रं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. ते हरवलेलं नाही, फिरायला निघालेलं आहे. पट्टा असलेल्या किंवा जातिवंत कुत्र्याला आधी जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप तपासा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते आणि स्कॅनर फिरवला की १५ आकडी क्रमांक दिसतो. ती ठावठिकाणा सांगत नाही, फक्त क्रमांक सांगते, आणि तो क्रमांक कुठे नोंदवला आहे हे शोधण्याची खटपट उरतेच. प्रत्येक दवाखान्यात स्कॅनर असतो असंही नाही, फोन करून जा. पट्ट्याला महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला असेल तर काम सोपं होतं. घरात दुसरं कुत्रं असेल तर पाहुण्याला काही दिवस वेगळं ठेवा. आणि घाबरलेलं कुत्रं चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, तडक दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

जाहिरात देताना एक खूण मुद्दाम लपवून ठेवा: छातीवरचा पांढरा ठिपका, तुटलेलं नख, पट्ट्याचा रंग. जातिवंत पिल्लांना बाजारात किंमत असते, आणि ‘माझाच आहे’ म्हणत येणारे सगळे मालक नसतात. जुना फोटो, लसीकरणाचं कार्ड मागा. कुत्र्याने शेपूट हलवली एवढ्याला पुरावा समजू नका, काही कुत्री चोराचंही तितक्याच आनंदाने स्वागत करतात.

तुमच्या मुलीकडे येते. तिला ‘मोती फार्महाउसवर गेला’ असलं काही सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला खरं झेपतं, आणि खोटं तिला पुढे कधीतरी कळतंच. तिला शोधात सोबत घ्या. कागद तिच्या अक्षरात लिहू द्या, शेतकऱ्याकडे जाताना बरोबर न्या. माणसं सापडली आणि वाडा ताम्हिणीच्या घाटात किंवा खाली कोकणात पोहोचलेला असला, तर रविवारी गाडी काढून तिघेही त्याला सोडायला जा. ती रडेल. रडू द्या. पण मेंढरांत शिरताना त्याला तिने पाहिलं, तर आपण काय केलं हे तिला तुम्ही समजावायची गरज उरणार नाही. लसीचं कार्ड त्यांना द्या, पुढचा डोस कधी ते तोंडी सांगा, वाटेवरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तो मिळेल का याची आधीच चौकशी करून ठेवा. खर्च मागू नका. कायद्याने तो अडवून मागता येतो, पण माझ्या मते इथे मागू नये. त्यांनी दूध किंवा आणखी काही पुढे केलं तर मात्र नाही म्हणू नका.

आणि असंही होऊ शकतं की वाडा निघेल दुसराच, कुत्रा त्यांचा नसेल. किंवा त्यांचा असूनही ते म्हणतील, ‘ताई, पोरीला लळा लागलाय, ठेवा.’ मग तो खरोखर तुमचा, मोती हे नावही त्याचंच. तेव्हा महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीप्रमाणे नोंदीचं काय ते बघा, नसबंदी करून घ्या, आणि पहाटे-संध्याकाळी त्याला तास-तासभर चालवायची तयारी ठेवा. अर्धा तास सोसायटीभोवती फेरी याला पुरायची नाही. भाकरी मात्र सुरू ठेवा, डॉगफूडचं पोतं कुणाला तरी देऊन टाका.

तो कापलेला दोर कुठे आहे? कचऱ्यात गेला नसेल अशी आशा करते. त्याचा फोटो कुठेही टाकू नका आणि तो धुऊही नका. फोनवरच्या माणसाला गळ्यात काय होतं ते विचाराल तेव्हा तो हातात धरून बसा.